जलद अनियमित हृद्गती आणि शिरेतून दिले जाणारे मॅग्नेशियम : एका खनिज औषधाची परीक्षा



नाडीपरीक्षा हा आपल्या व्यवसायाचा पाया आहे. नाडीवर तीन बोटे ठेवताच वेग, बल आणि ताल या तिन्हींचा बोध व्हावा, अशी आपली शिकवण आहे. या तिन्हींपैकी ताल पूर्णपणे बिघडलेला, वेग मिनिटाला १३०-१४०च्या पुढे गेलेला आणि ठोक्याठोक्याला बल बदलणारा रुग्ण समोर येतो, तेव्हा वैद्याने काय ओळखावे, काय करावे आणि काय करू नये, हा प्रश्न केवळ पाठ्यपुस्तकातला राहत नाही. देहूरोड, किवळे, निगडी, तळेगाव या पट्ट्यात पाळ्यांमध्ये काम करणारा कामगारवर्ग मोठा आहे. अपुरी झोप, वाढलेला रक्तदाब, सुटीच्या दिवशी झालेले अतिमद्यपान आणि बालपणी होऊन गेलेला संधिवातज्वर या सर्व कारणांचे रुग्ण आपल्याच चिकित्सालयांच्या पायऱ्या प्रथम चढतात. मोठे रुग्णालय नंतर येते.

अशा रुग्णाला रुग्णालयात नेल्यावर नेहमीच्या औषधांच्या जोडीला शिरेतून मॅग्नेशियम सल्फेट दिले जाते, हे अलीकडे अनेकांच्या कानावर आले आहे. मॅग्नेशियम हे खनिज आहे आणि आपल्या रसशास्त्राला खनिजांचे वावडे नाही. त्यामुळे या उपचाराविषयी आपल्यात कुतूहलही आहे आणि काही गैरसमजही आहेत. मॅग्नेशियमच्या गोळ्या घेतल्या तर हेच काम होईल का, असे रुग्ण दुकानात विचारू लागले आहेत. प्रस्तुत लेखात हा उपचार कशासाठी आहे, त्याची परीक्षा कशी झाली, त्या परीक्षांतून काय सिद्ध झाले व काय झाले नाही, आणि आपल्या दैनंदिन व्यवहाराला त्यातून काय घ्यावयाचे आहे, याचा ऊहापोह आम्ही करणार आहोत.

विकाराचे स्वरूप

निरोगी हृदयात उजव्या अलिंदातील एका छोट्या केंद्रातून विद्युत्संदेश निघतो. तो दोन्ही अलिंदांत पसरतो, अलिंद व निलय यांच्या मधल्या संधिकेंद्रात क्षणभर थांबतो आणि मग निलयांना आकुंचनाची आज्ञा देतो. आपण ज्याविषयी बोलत आहोत त्या विकारात, ज्याला आधुनिक वैद्यक एट्रियल फिब्रिलेशन म्हणते, अलिंदांतील ही शिस्त मोडते. मिनिटाला ३५० ते ६०० इतक्या वेगाने तेथे विस्कळीत संदेश फिरू लागतात. अलिंद आकुंचन पावत नाहीत, नुसते थरथरतात. सुदैवाने मधले संधिकेंद्र यांपैकी बहुतेक संदेश अडवते, परंतु जे निसटतात ते कोणत्याही नियमाने निसटत नाहीत. म्हणून नाडी केवळ जलद नसते, तर तिच्या अनियमिततेलाही नियम नसतो.

नाडी पाहणाऱ्याला येथे एक साधी व उपयुक्त परीक्षा करता येते. एकाने स्टेथोस्कोप हृदयाच्या अग्रावर ठेवून पूर्ण मिनिटभर ठोके मोजावेत आणि त्याच मिनिटात दुसऱ्याने मनगटाची नाडी मोजावी. या विकारात हृदयाचे ठोके नाडीपेक्षा अधिक भरतात, कारण काही आकुंचने इतकी अपुरी असतात की त्यांची लहर मनगटापर्यंत पोहोचतच नाही. या फरकाला नाडीन्यूनता म्हणता येईल. पंधरा सेकंद मोजून चारने गुणण्याची सवय येथे उपयोगाची नाही. निदान अर्थातच ईसीजीने पक्के होते. केवळ नाडीवरून ते पक्के करू नये.

चरकाचार्यांनी वातज हृद्रोगात वेपथु, शून्यता, प्रमोह अशी लक्षणे सांगितली आहेत. त्यांचे आणि या विकाराचे साम्य सहज डोळ्यांत भरते. परंतु एक लक्षणसमूह म्हणजे एकच आधुनिक व्याधी, असे समीकरण मांडणे आम्हांस योग्य वाटत नाही. वातज हृद्रोगाच्या छत्राखाली आजच्या परिभाषेतील अनेक विकार येतात आणि त्या सर्वांची निकड सारखी नाही.

या विकारात दोन स्वतंत्र धोके असतात आणि ते वेगळे ओळखणे अत्यावश्यक आहे. पहिला धोका वेगाचा. निलय फार जलद धावले की त्यांना भरण्यास अवधी मिळत नाही, रक्तदाब घसरतो, श्वास लागतो, फुप्फुसांत पाणी साठते. दुसरा धोका गुठळीचा. थरथरणाऱ्या अलिंदात रक्त साकळते, गुठळी सुटून मेंदूकडे गेली की पक्षाघात होतो. अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम येथील दीर्घ पाहणीत या विकाराने पक्षाघाताची जोखीम सुमारे पाचपट होते असे आढळले. शिरेतील मॅग्नेशियमचा संबंध मुख्यत्वे पहिल्या धोक्याशी आहे. दुसऱ्या धोक्यावर त्याचा काहीही उपाय नाही, हे प्रारंभीच नोंदवून ठेवावे.

मॅग्नेशियमच का?

शरीरातील मॅग्नेशियमचा बहुतांश भाग अस्थी व पेशी यांच्या आत असतो, रक्तद्रवात जेमतेम एक टक्का असतो. त्यामुळे रक्ततपासणीत मॅग्नेशियम प्राकृत आले तरी पेशींत ते न्यून असू शकते. पेशीत हे खनिज कॅल्शियमचा नैसर्गिक प्रतिस्पर्धी म्हणून वागते. संधिकेंद्रातील संदेशवहन कॅल्शियमच्या प्रवेशावर अवलंबून असल्याने मॅग्नेशियम वाढले की ते केंद्र अधिक संदेश अडवते आणि निलयांचा वेग उतरतो. सोडियम व पोटॅशियम यांची पेशीपटलावरील देवाणघेवाण करणाऱ्या यंत्रणेलाही मॅग्नेशियम लागते. ते उणे पडले की पोटॅशियमही पेशीत टिकत नाही आणि हृत्पेशी चटकन उत्तेजित होतात.

औषध म्हणून मॅग्नेशियम सल्फेट नवीन नाही. इंग्लंडमधील एप्सम गावच्या झऱ्यावरून ज्याला एप्सम सॉल्ट म्हणतात तेच हे लवण. प्रसूतिशास्त्रात गर्भिणीच्या आक्षेपकावर ते आज प्रथम पसंतीचे औषध आहे आणि ते स्थान त्याला परीक्षेनेच मिळाले. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या, भारतासह अनेक देशांतील १,६८७ स्त्रियांच्या तौलनिक अभ्यासात डायझेपाम व फेनिटॉइन या दोन्ही प्रचलित औषधांपेक्षा मॅग्नेशियम सल्फेटने झटके पुन्हा येण्याचे प्रमाण निम्म्याहून खाली आणले. त्यापूर्वी अनेक दशके कोणते औषध श्रेष्ठ यावर केवळ मतभेद होते.

भारतात मिळणारी सामान्य कुपी ५० टक्के द्रावणाची, दोन मिलिलिटरची असते व तीत एक ग्रॅम लवण असते. मात्रेचे आकडे पुढे येतील तेव्हा हे प्रमाण ध्यानात ठेवावे.

तुलनेवाचून परीक्षा का फसते?

समजा, हृद्गती अचानक बिघडून काही तास झालेले शंभर रुग्ण आपण घेतले, त्यांना एखादे औषध दिले आणि दोन दिवसांत त्यांपैकी साठांचा ताल पूर्ववत झाला. औषध यशस्वी झाले असे म्हणण्याचा मोह कोणालाही होईल. आता २०१९ साली नेदरलँड्समधून प्रसिद्ध झालेला एक अभ्यास पाहू. त्यात नव्याने सुरू झालेल्या या विकाराच्या ४३७ रुग्णांचे दोन गट केले होते. एका गटात ताल पूर्ववत करण्याचा उपाय लगेच केला. दुसऱ्या गटात केवळ वेग आटोक्यात ठेवून वाट पाहिली. वाट पाहणाऱ्या गटात ४८ तासांच्या आत शेकडा ६९ रुग्णांचा ताल आपोआप पूर्ववत झाला. म्हणजे आपल्या काल्पनिक औषधाचे साठ टक्के यश हे निसर्गाच्या यशाहून अधिक नव्हते.

ज्या व्याधीत स्वभावोपरम मोठा असतो, तेथे अनुभव हा सर्वांत गोड बोलणारा साक्षीदार असतो आणि म्हणूनच त्याची उलटतपासणी आवश्यक असते. या उलटतपासणीची अंगे चार. औषध न मिळालेला परंतु अन्य सर्व बाबतींत समान असा तुलनागट असावा. कोण कोणत्या गटात जाईल हे चिकित्सकाच्या इच्छेवर नव्हे, तर यदृच्छेवर सोपवावे, नाहीतर बरे होण्याजोगे रुग्ण नकळत औषधाच्या गटात जातात. रुग्णाला आणि मोजमाप करणाऱ्याला कोणती बाटली कोणाची हे ठाऊक नसावे. आणि यश कशाला म्हणावयाचे ते परीक्षेपूर्वी लेखी ठरलेले असावे.

तीन परीक्षा, तीन निष्कर्ष

२००५ साली ऑस्ट्रेलियातील डेव्ही व ट्युबनर यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तातडीच्या विभागात आलेल्या १९९ रुग्णांना नेहमीच्या उपचारासोबत शिरेतून मॅग्नेशियम (एकूण सुमारे पाच ग्रॅम, अडीच तासांच्या आत) किंवा निष्क्रिय द्रावण दिले गेले. मॅग्नेशियमच्या गटात शेकडा ६५ रुग्णांचा वेग शंभराच्या खाली आला, निष्क्रिय गटात शेकडा ३४ रुग्णांचा. ताल पूर्ववत होण्याचे प्रमाण अनुक्रमे शेकडा २७ व १२ होते.

२००९ साली त्याच देशातून दुसरा अभ्यास आला. त्यात ४८ रुग्ण होते व मात्रा पहिल्या अभ्यासाच्या निम्मी, म्हणजे सुमारे अडीच ग्रॅम होती. मॅग्नेशियम व निष्क्रिय द्रावण यांत लक्षणीय फरक दिसला नाही. यातून औषध निरुपयोगी असे म्हणावे, की मात्रा उणी होती, की रुग्णसंख्या इतकी अल्प होती की खरा फरकही निसटला असता? एकट्या या अभ्यासातून उत्तर मिळत नाही. अल्प रुग्णसंख्येच्या अभ्यासात फरक दिसला नाही, याचा अर्थ फरक नाही असा होत नाही.

मात्रेच्या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी ट्युनिशियातील तीन विद्यापीठीय रुग्णालयांनी २००९ ते २०१४ या काळात मोठी परीक्षा घेतली. ती २०१९ साली प्रसिद्ध झाली. मिनिटाला १२०पेक्षा अधिक वेग असलेल्या ४५० रुग्णांचे तीन गट केले गेले. एका गटास नऊ ग्रॅम, दुसऱ्यास साडेचार ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट आणि तिसऱ्यास केवळ लवणजल. तिन्ही गटांना संधिकेंद्र मंदावणारे नेहमीचे औषधही दिले जात होते. वेग ९० किंवा त्याखाली येणे, अथवा मूळ वेगाच्या शेकडा २० ने उतरणे, ही यशाची व्याख्या आधीच ठरली होती.

चार तासांनंतर लवणजलाच्या गटात शेकडा ४४च्या आसपास रुग्णांना यश आले, साडेचार ग्रॅमच्या गटात शेकडा ६४ आणि नऊ ग्रॅमच्या गटात शेकडा ५९च्या आसपास. गुण येण्यास लागलेला सरासरी काळ साडेचार ग्रॅमच्या गटात ५.२ तास, नऊ ग्रॅमच्या गटात ६.१ तास आणि लवणजलाच्या गटात ८.४ तास होता. चोवीस तासांनी ताल पूर्ववत झालेले रुग्ण अनुक्रमे शेकडा २२.९, १३ आणि १०.७ होते. दुप्पट मात्रेने गुण वाढला नाही, उपद्रव मात्र वाढले. ते बहुतेक सौम्य होते, मुख्यतः अंगाला उष्णता जाणवून चेहरा लाल होणे.

या आकड्यांचे वाचन असे करावे. चार तासांच्या टप्प्यावर साडेचार ग्रॅमने शंभरात वीस रुग्णांना अधिक लाभ झाला, म्हणजे पाच जणांना औषध दिले तर एकाला ते दिल्यामुळे गुण आला. उरलेल्या चौघांपैकी काहींना ते न देताही गुण आला असता आणि काहींना देऊनही आला नाही. दुसरी गोष्ट, मॅग्नेशियम हे येथे सहायक औषध आहे. मुख्य औषधाच्या जागी एकट्या मॅग्नेशियमची ही परीक्षा नव्हतीच. तिसरी गोष्ट, चेहरा लाल झाला की रुग्णाला आणि शेजारी उभ्या असलेल्या परिचारिकेला बाटलीत काय आहे याचा अंदाज येऊ शकतो. म्हणजे गुप्तता कागदावर पूर्ण असली तरी व्यवहारात थोडी गळते. वेग यंत्राने मोजला जात असल्याने निष्कर्षावर याचा परिणाम मर्यादित राहतो. वेदना किंवा अस्वस्थता यांसारखे रुग्णाने सांगावयाचे लक्षण मोजावयाचे असते, तर हाच दोष मोठा ठरला असता.

२०२३ साली अमेरिकेतील हृद्रोग संस्थांनी प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत, जलद वेगाच्या रुग्णात नेहमीच्या वेगनियंत्रक उपचाराला शिरेतील मॅग्नेशियमची जोड देणे सयुक्तिक आहे असे म्हटले आहे. ‘जोड देणे’ आणि ‘सयुक्तिक’ हे दोन्ही शब्द मोजून वापरलेले आहेत.

एक जुना धडा

याच खनिजाच्या इतिहासात सावधगिरीचा एक मोठा धडा आहे. १९९२ साली इंग्लंडमधील लेस्टर येथील २,३१६ रुग्णांच्या अभ्यासात हृदयविकाराच्या तीव्र झटक्यात शिरेतून मॅग्नेशियम दिल्याने २८ दिवसांतील मृत्यू सुमारे शेकडा २४ ने कमी झाले असे आढळले. अभ्यास काळजीपूर्वक केलेला होता आणि कारणमीमांसाही पटण्याजोगी होती. पुढे १९९५ साली ५८,०५० रुग्णांची आंतरराष्ट्रीय परीक्षा प्रसिद्ध झाली. तीत मॅग्नेशियमच्या गटात शेकडा ७.६४ व तुलनागटात शेकडा ७.२४ रुग्ण दगावले, म्हणजे लाभ शून्य. २००२ सालच्या ६,२१३ रुग्णांच्या परीक्षेतही दोन्ही गटांतील मृत्यू जवळजवळ समान निघाले. झटक्यातील मॅग्नेशियमचा नित्य वापर त्यानंतर मागे पडला.

एकच द्रव्य, एकच हृदय, परंतु आक्षेपकात सिद्ध, झटक्यात असिद्ध आणि जलद अनियमित गतीत वेग उतरवण्यापुरते सिद्ध. द्रव्य गुणकारी आहे का, हा प्रश्नच अपुरा आहे. कोणत्या अवस्थेत, कोणत्या मात्रेत, कशाच्या जोडीला आणि कोणत्या फलासाठी, असे विचारले तरच उत्तराला अर्थ येतो. अवस्थानुरूप चिकित्सा सांगणाऱ्या आपल्या शास्त्राला ही मांडणी परकी वाटू नये. वेग उतरणे हे मध्यंतरीचे फल आहे आणि पक्षाघात व मृत्यू टळणे हे अंतिम फल आहे, हेही विसरू नये. जलद गतीतील मॅग्नेशियमच्या ज्या परीक्षा वर सांगितल्या, त्यांनी मध्यंतरीचे फल मोजले आहे.

आपला रुग्ण वेगळा आहे

परदेशातील निष्कर्ष जसाच्या तसा आपल्या रुग्णाला लावता येईल का? पाश्चात्त्य देशांत हा विकार बहुधा साठी-सत्तरीतला असतो. भारतीय हृद्ताल संस्थेच्या नोंदवहीत देशभरातील २४ केंद्रांतून १,५३७ रुग्ण नोंदले गेले. त्यांचे सरासरी वय सुमारे ५५ वर्षे होते आणि जवळजवळ निम्म्यांना, शेकडा ४७.६ जणांना, संधिवातज्वराने झालेला झडपांचा विकार होता.

अशा झडपविकारी रुग्णांवर महाराष्ट्रातच एक उल्लेखनीय परीक्षा झाली आहे. डॉ. अमित व्होरा, डॉ. दिलीप कर्नाड, डॉ. यश लोखंडवाला आदी मुंबईच्या तज्ज्ञांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या या अभ्यासात १४४ रुग्ण होते, प्रत्येकी ४८ जणांचे तीन गट. दोन गटांत ताल पूर्ववत करण्याचा प्रयत्न झाला. त्यांपैकी एकास अमिओडॅरोन व दुसऱ्यास निष्क्रिय गोळी दिली. तिसऱ्या गटात डिल्टियाझेमने केवळ वेग आवरला. रुग्णांचे सरासरी वय ३८.६ वर्षे होते आणि विकाराचा काळ सरासरी सहा वर्षांचा होता. आपल्याकडे हा विकार कमावत्या वयात गाठतो, हे यावरून स्पष्ट व्हावे. औषध मॅग्नेशियम नसले तरी यदृच्छेने गट पाडून, निष्क्रिय गोळीशी तुलना करून अशी परीक्षा येथे होऊ शकते, याचे हे उदाहरण आहे.

झडप अरुंद झालेल्या रुग्णात गुठळीचा धोका फार मोठा असतो. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या, भारताचा सहभाग असलेल्या आणि साडेचार हजारांहून अधिक झडपविकारी रुग्णांच्या परीक्षेत वॉरफरिनसारख्या जुन्या गटातील औषधाने रिव्हारोक्साबान या नव्या औषधापेक्षा मृत्यू कमी झाले. म्हणून आपल्या रुग्णाच्या चिठ्ठीवर वॉरफरिन किंवा ॲसिनोकुमॅरॉल दिसले, तर ते हृदयतज्ज्ञाच्या संमतीवाचून कोणीही थांबवू नये.

चिकित्सालयात आणि औषधालयात

आता व्यवहाराकडे वळू.

पहिली गोष्ट, हा उपचार चिकित्सालयात करण्याचा नाही. मॅग्नेशियम शिरेतून वेगाने गेले तर रक्तदाब घसरतो. मात्रा अधिक झाली तर प्रथम गुडघ्याचा प्रतिक्षेप जातो, नंतर श्वसन मंदावते, शेवटी हृदय थांबू शकते. मूत्रपिंड दुर्बल असेल तर हे द्रव्य शरीराबाहेर पडत नाही. हृदयात आधीच अवरोध असेल किंवा मायस्थेनिया ग्रॅव्हिस हा स्नायुदौर्बल्याचा विकार असेल तर ते देता येत नाही. हृद्गतीचे सतत निरीक्षण, रक्तदाबाचे मापन आणि उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट हाताशी असणे, या किमान अटी आहेत.

दुसरी गोष्ट, रुग्ण कधी आणि कसा पाठवावा. नाडी अनियमित व मिनिटाला १२०च्या वर असेल तर त्याच दिवशी ईसीजी व्हावयास हवा. छातीत वेदना, श्वास लागणे, घेरी किंवा मूर्च्छा, वरचा रक्तदाब ९०च्या खाली, अथवा बोलण्यात वा हातापायांत अचानक आलेले वैकल्य, यांपैकी एकही लक्षण असेल तर १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. दुचाकीवर मागे बसवून पाठवू नये. आमच्या भागात पिंपरीचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय महामार्गाने जवळ आहे. सोबतच्या चिठ्ठीवर धडधड नेमकी केव्हा सुरू झाली ती वेळ अवश्य लिहावी. ४८ तासांहून अधिक काळ लोटला असेल तर अलिंदात गुठळी झालेली असू शकते आणि ताल पूर्ववत होताना तीच सुटण्याचे भय असते. ती वेळ ठाऊक नसेल तर रुग्णालयातील चिकित्सकाचे हात बांधले जातात. नाडीवरून मिळालेली ही एक ओळ कित्येकदा महागड्या तपासणीइतकी मोलाची ठरते.

तिसरी गोष्ट, चालू औषधांची नोंद. येथे आपले उत्तरदायित्व सर्वांत मोठे आहे, कारण आपण काय दिले हे रुग्णालयास बहुधा कळतच नाही. पुढील बाबी चिठ्ठीवर असाव्यात.

वत्सनाभयुक्त कल्प : त्रिभुवनकीर्ती, आनंदभैरव, मृत्युंजय रस आदी. शोधन अपुरे असल्यास किंवा मात्रा ओलांडल्यास वत्सनाभातील विष हृत्पेशींतील सोडियमचे मार्ग उघडे ठेवते आणि घातक तालबिघाड होतो. ज्याची नाडी आधीच अनियमित आहे त्याला हे कल्प देऊ नयेत आणि दुकानातून ते चिकित्सकाच्या चिठ्ठीवाचून जाऊ नयेत.

यष्टिमधु : दीर्घकाळ व मोठ्या मात्रेत घेतल्यास पोटॅशियम उतरते. रुग्ण डिगॉक्सिन व मूत्रल औषधे घेत असेल तर हे विशेष घातक होय.

तीव्र विरेचन, सोनामुखीचा नित्य वापर : यांनी पोटॅशियम व मॅग्नेशियम दोन्ही शरीराबाहेर जातात. अशा रुग्णात पंचकर्मापूर्वी दोन्हींची रक्ततपासणी करून घ्यावी. आम्लपित्तावरील आधुनिक गोळ्या वर्षानुवर्षे घेतल्यानेही मॅग्नेशियम उतरते. अमेरिकेच्या औषध नियामकाने २०११ साली तसा इशारा दिला होता.

गुग्गुळ : मुंबईतील औषधिविज्ञान संशोधकांनी १९९४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात निरोगी स्वयंसेवकांना गुग्गुलिपिडसोबत डिल्टियाझेम व प्रोप्रॅनोलॉल दिले असता या दोन्ही औषधांची रक्तातील पातळी घटलेली आढळली. ही दोन्ही वेग आवरणारी औषधे आहेत. आवरलेला वेग पुन्हा वाढला तर कारण आपल्या पुडीत असू शकते.

अश्वगंधा : ती घेणाऱ्या काही रुग्णांत गलग्रंथीचा स्राव वाढल्याच्या नोंदी आहेत आणि वाढलेली गलग्रंथी हे या विकाराचे एक प्रसिद्ध कारण आहे.

चौथी गोष्ट मॅग्नेशियमच्या गोळ्यांची. पोटातून घेतलेले मॅग्नेशियम अंशतःच शोषले जाते, रक्तातील पातळी हळूहळू बदलते आणि अधिक घेतल्यास रेच होतात. वर सांगितलेल्या परीक्षांचे निष्कर्ष गोळीला लागू होत नाहीत. दुकानात येणाऱ्यास औषधालयचालकाने एवढेच सांगावे की ही गोळी धडधडीचा तातडीचा उपचार नव्हे आणि मूत्रपिंडाचा विकार असल्यास चिकित्सकाला विचारल्यावाचून ती घेऊ नये.

आपल्या औषधांची परीक्षा

शेवटचा मुद्दा आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो. अर्जुनत्वचा, पुष्करमूळ यांविषयी आपला अनुभव मोठा आहे. परंतु ज्या विकारात दोनतृतीयांश रुग्णांचा ताल दोन दिवसांत आपोआप पूर्ववत होऊ शकतो, तेथे केवळ अनुभवाच्या आधारे दावा करणे शास्त्राच्या प्रतिष्ठेला बाधक आहे. मॅग्नेशियमसारख्या साध्या, स्वस्त, कोणाच्याही मालकीच्या नसलेल्या लवणाला जर या अग्नीतून जावे लागले, तर आपल्या द्रव्यांना सूट मागण्याचे कारण काय?

हे आपल्या भूमीत घडलेलेच नाही असे नाही. डॉ. रुस्तम जाल वकील यांनी मुंबईत सर्पगंधेचा रक्तदाबावरील परिणाम ५० रुग्णांत मोजून १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये प्रसिद्ध केला आणि आपल्या ग्रंथांतील एक मूळ जगाच्या औषधकोशात गेले. रायगड जिल्ह्यातील महाड येथे डॉ. हिंमतराव बावस्कर व डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी विंचूदंशाच्या ७० रुग्णांचे यदृच्छेने दोन गट करून प्रॅझोसिनसोबत प्रतिविष द्यावे की नाही याची परीक्षा घेतली. दहा तासांत प्रतिविषाच्या गटातील शेकडा ९१.४ आणि केवळ प्रॅझोसिनच्या गटातील शेकडा २२.९ रुग्ण पूर्ण बरे झाले. हा अभ्यास २०११ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलने छापला. महाड हे काही महानगर नव्हे.

आज अशा परीक्षेचा मार्ग आखलेला आहे. परीक्षेची पूर्वनोंद करणारी भारतीय नोंदवही २००७ साली सुरू झाली, आयुर्वेदीय औषधांच्या चिकित्सापरीक्षेसाठी केंद्र शासनाची मार्गदर्शक तत्त्वे २०१३ साली आली आणि नीतिसमितीची मान्यता व रुग्णाची लेखी संमती यांवाचून कोणतीही परीक्षा करता येत नाही. एकट्या वैद्याने हे साधावयाचे नाही. परंतु नाडीची पूर्ण मिनिटाची गणना, धडधड सुरू झाल्याची वेळ, दिलेला कल्प, मात्रा, आणि दुसऱ्या, सातव्या व तिसाव्या दिवशीची स्थिती, इतक्या पाच नोंदी प्रत्येक चिकित्सालयात एकाच नमुन्यात ठेवता येतील. त्यात ज्यांना गुण आला नाही आणि जे परत आले नाहीत त्यांचीही नोंद असली पाहिजे. अशी वही म्हणजे परीक्षा नव्हे, परंतु कोणत्या प्रश्नाची परीक्षा घेणे योग्य ठरेल हे त्या वहीवरूनच ठरेल.

तोवर रुग्णाच्या मनगटावर बोटे ठेवून पूर्ण मिनिट मोजावे, ताल हरवलेला आढळताच वेळ लिहून त्याला योग्य ठिकाणी पाठवावे, आणि आपण दिलेल्या औषधांची नावे त्याच चिठ्ठीवर निःसंकोच लिहावीत, एवढी विनंती करून आम्ही हा लेख पुरा करतो.